दवाखान्यातून संसदेपर्यंत

(डोंबिवलीतील एका महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण)



आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडद्यामागे खुर्च्या लावल्या, माईक जोडले, नाचाच्या कपड्यांना टाके घातले, त्यांचंही तितकंच अभिनंदन. अहवालवाचनात तुमच्या रक्तदान शिबिराचा उल्लेख आला, तेव्हा डॉक्टर म्हणून मला फार बरं वाटलं.

आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. डोंबिवली ज्या कल्याण लोकसभा मतदारसंघात येते, त्या मतदारसंघाने २०१४ साली २७ वर्षांच्या एका तरुणाला दिल्लीला पाठवलं. डॉ. श्रीकांत शिंदे तेव्हा अस्थिरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. २०१९ आणि २०२४ सालीही ते इथूनच निवडून आले. म्हणजे तुमच्यातले बरेच जण शाळेत जायला लागल्यापासून तुमचा खासदार डॉक्टर आहे. महाराष्ट्रात असे बरेच डॉक्टर आहेत. धुळ्याचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुभाष भामरे देशाचे संरक्षण राज्यमंत्री झाले. संभाजीनगरचे बालशल्यचिकित्सक डॉ. भागवत कराड अर्थ राज्यमंत्री झाले. दिंडोरीच्या डॉ. भारती पवार आरोग्य राज्यमंत्री झाल्या. मागे गेलं, तर आपल्या शेजारच्या पनवेलला जन्मलेले डॉ. ना. भा. खरे १९३७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

आज मला कुणाच्या पक्षाबद्दल बोलायचं नाही. मला एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. चांगला चाललेला दवाखाना सोडून एखादा डॉक्टर राजकारणात का जातो? आणि गेल्यावर त्याने बरोबर काय न्यावं?

याचं उत्तर माझ्या रोजच्या ओपीडीत आहे. कंबर धरून एक तरुण येतो. नोकरी मुंबईला. जाता-येता उभ्याने प्रवास, एक पाय आत, एक दारात. मी तपासते, गोळ्या देते, पट्टा देते आणि आठ दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगते. तो म्हणतो, डॉक्टर, रजा नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गर्दीत. माझं औषध चुकलेलं नसतं, पण त्याचं दुखणं माझ्या औषधाच्या हातात नसतं. ते रेल्वेच्या रुळांवर असतं. ठाणे ते दिवा या पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा पाया २००८ साली घातला गेला आणि ती २०२२ साली सुरू झाली. मधल्या चौदा वर्षांत या पट्ट्यातल्या डॉक्टरांनी किती हाडं बसवली असतील! मार्गिका सुरू झाली तरी प्रश्न संपला नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यात माणसं गेली. अशा जखमांवर टाके आम्ही घालतो, पण त्या होऊ नयेत यासाठी लागणारा पैसा आणि निर्णय रेल्वेच्या अंदाजपत्रकात असतो, आणि ते अंदाजपत्रक संसदेत मंजूर होतं.

दुसरं उदाहरण आपल्या एमआयडीसीचं. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळा रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. काच लागलेल्या माणसाची जखम धुणं हे डॉक्टरचं काम. घातक कारखाना आणि राहती वस्ती यांच्यात किती अंतर असावं, कारखान्याची तपासणी कुणी आणि किती वेळा करावी, हे मात्र डॉक्टर ठरवत नाही. ते मंत्रालयात आणि सभागृहात ठरतं.

हे जगात फार पूर्वीपासून चालत आलेलं आहे. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ व्हिर्शो या २६ वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशिया भागात पाठवलं. तिथे टायफसच्या साथीने माणसं मरत होती. सरकारला अपेक्षा होती ती वैद्यकीय अहवालाची. व्हिर्शोने परत येऊन लिहिलं की या लोकांना शिक्षण द्या, त्यांच्या भाषेत द्या, रस्ते द्या, करांचं ओझं कमी करा आणि कारभारात त्यांचा शब्द चालू द्या. पुढे हाच माणूस आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणारा शास्त्रज्ञ झाला आणि जर्मन संसदेचा सभासदही झाला. प्रयोगशाळा आणि संसद त्याला एकाच कामाच्या दोन जागा वाटत होत्या.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि योग्य उपचारांअभावी दहा दिवसांत गेलं. तिने ते दुःख घरात दाबून ठेवलं नाही. १८८३ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात, भर सभेत उभं राहून, आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जातो आहोत, हे तिने लोकांना समजावून सांगितलं. १८८६ साली ती पेनसिल्व्हेनियाहून पदवी घेऊन आली आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, क्षयाने गेली. तिने निवडणूक लढवली नाही. त्या काळी बाईला मतच नव्हतं. पण आपल्या घरातलं दुःख हा समाजाचा प्रश्न आहे असं चारचौघांत उभं राहून सांगणं, यालाच मी राजकारणाची पहिली पायरी मानते. ती पायरी आपल्या कल्याणच्या मुलीने चढली होती.

आता ज्यांच्याबद्दल मला मुख्यतः बोलायचं आहे, त्या डॉक्टरांकडे येते. त्यांचं नाव डॉ. दत्ता सामंत. तुमच्यातल्या अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल. आजोबांना विचारा. डोंबिवली, कल्याण, दिवा, बदलापूर इथल्या कितीतरी घरांचा पत्ता या एका माणसाच्या आयुष्यातल्या घडामोडींमुळे बदलला आहे.

दत्ता सामंत यांचा जन्म १९३२ सालचा. मालवणजवळच्या देवबागचे ते. मध्यमवर्गीय घर. मुंबईला जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममधून ते एमबीबीएस झाले आणि घाटकोपरच्या पंतनगरमध्ये त्यांनी दवाखाना उघडला. येणारे बहुतेक रुग्ण कामगार, त्यात दगडखाणींत काम करणारे खूप. खाणकामगार कसले आजार घेऊन येतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. छातीत धूळ, चेचलेली बोटं, अंगात रक्त नाही, पोरं कुपोषित. औषध लिहून द्यायचं, पण ते घ्यायला पैसे नाहीत. पोटभर खा म्हणायचं, पण मजुरी पुरत नाही. त्या दवाखान्यातून खाणकामगारांची युनियन उभी राहिली. पुढे विक्रोळी, कुर्ला, मग ठाणे-बेलापूर पट्टा, असे एकेक कारखाने त्यांच्या युनियनकडे येत गेले. कामगार त्यांना नावाने हाक मारत नसत. ‘डॉक्टर’ म्हटलं की गेटवर सगळ्यांना कळे.

१९७२ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले. १९७५ साली आणीबाणी आली आणि सत्ताधारी पक्षाचे असूनही त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांच्यामागची गर्दी वाढली. त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीच्या बातम्या एका कारखान्यातून दुसऱ्यात जात आणि दुसरा कारखाना त्यांच्या दारात येई. त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती तुम्हाला सांगितली पाहिजे. कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून वाटाघाटी करायची रीत ते मानत नाहीत, असं उद्योजक म्हणत. त्यांच्या संपांत मारामाऱ्या होतात, असा आरोप होई. कामगारांचं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस आमचं ऐकतो.

१९८१ च्या दिवाळीत बोनसावरून मुंबईचं गिरणगाव पेटलं. गिरणीत तेव्हा ‘बदली’ नावाचा एक वर्ग होता. बदली कामगार रोज पाळीच्या वेळी गेटवर येऊन उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर रिकाम्या डब्यासह परत. अशी वर्षानुवर्षं. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांना दुसरा नेता हवा असला तरी कायदा त्याला टेबलावर बसू देत नव्हता. कामगार मोर्चे घेऊन घाटकोपरला गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही पुढे व्हा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठ-एक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. भोंगे बंद झाले.

पहिले महिने कामगारांना आशा होती. खानावळी उधारीवर जेवू घालत होत्या. बरेच जण साताऱ्याला, कोकणात, कोल्हापूरला गावी गेले आणि शेतीला लागले. पण गिरणीमालकांना घाई नव्हती. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची होत चालली होती. आणि कापड? ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून मिळत होतं. एका गावातला साचा बंद पडला की दुसऱ्या गावातला माग रात्रंदिवस खडखडू लागतो, आणि त्या मागावरचा कामगारही गरीबच असतो, त्याला तर युनियनही नसते. हे त्या संपातलं सर्वांत कठीण सत्य आहे. सरकारने माघार घेतली नाही, कायदा बदलला नाही. संप मोडला असं कुणी जाहीर केलं नाही आणि मागे घेतला असंही कुणी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला. हजारो कामगार पुन्हा कधी आत गेले नाहीत.

माझ्या दवाखान्यात अशा गिरणीतले एक गृहस्थ येत असत. सूतखात्यात काम केलेले. दम्यासाठी येत. मी त्यांना विचारलं, पूर्वी केव्हा जास्त त्रास व्हायचा? त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सोमवारी. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी खात्यात पाय ठेवला की छाती आवळायची. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा मोकळी व्हायची. मित्रहो, वैद्यकाच्या पुस्तकात हे असंच्या असं लिहिलं आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारी आवळणारी छाती ही त्याची खूण आहे. संपात ते गावी गेले. परत आले तेव्हा गिरणीने घेतलं नाही. परळची खोली सोडली आणि इकडे आले, एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. गिरणी सुटली, छातीतला कापूस सुटला नाही. डॉक्टरांबद्दल त्यांना राग होता का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या माणसाने आमचं ऐकून घेतलं, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले की आता पुरे, परत फिरा, हे आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या दोन वाक्यांत मला डॉ. दत्ता सामंत यांच्या आयुष्याचं सार दिसतं.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसची अशी लाट होती की मोठमोठे नेते वाहून गेले. त्या लाटेत, संप हरलेले डॉ. सामंत दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. ज्यांच्या चुली विझल्या होत्या, त्यांनीच त्यांना मतं दिली. १९८९ साली ते हरले. कामगारांचं काम त्यांनी सोडलं नाही. १६ जानेवारी १९९७ च्या सकाळी, पवईच्या घरातून पंतनगरच्या कचेरीकडे निघाले असताना भाडोत्री मारेकऱ्यांनी गोळ्या घालून त्यांचा खून केला. संपाच्या सुरुवातीला पंधरा वर्षं व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते. अंत्ययात्रेला कामगारांचा लोंढा लोटला होता.

गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि टॉवर आहेत. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. शेलू आणि वांगणीला घरं देऊ असा प्रस्ताव आला, तेव्हा अनेक कामगार संघटना म्हणाल्या की आमची घरं मुंबईतच हवीत. वांगणी आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे ही गोष्ट अजून आपल्या दारात चालू आहे.

मग डॉ. सामंत यांच्याकडून आपण काय घ्यायचं?

डॉक्टरकीच्या शिक्षणात आम्हाला चार गोष्टी घोटून घोटून शिकवतात. पहिली, रुग्णाचं पूर्ण ऐका. दुसरी, हात लावून तपासा, ऐकीव माहितीवर औषध देऊ नका. तिसरी, औषध दिल्यावर रुग्णाला पुन्हा बोलवा आणि लागू पडलं का ते बघा. चौथी, लागू पडलं नसेल तर ते बदला, आणि रुग्णाच्या तोंडावर तसं सांगा. पहिल्या दोन गोष्टींत डॉ. सामंत यांच्या तोडीचा नेता मला महाराष्ट्रात फारसा दिसत नाही. मोठमोठे अर्थतज्ज्ञ आकडे बघत होते, तेव्हा हा माणूस कामगाराच्या छातीला कान लावून बसला होता. पण महिने उलटत गेले, उपचार लागू पडत नव्हता, आणि उपचार बदलण्याचा निर्णय झाला नाही. दोष एकट्या त्यांचा मुळीच नव्हता. कायदा आडवा होता, मालक आडमुठे होते, सरकार हटून बसलं होतं. पण अडीच लाख घरांचा विश्वास ज्याच्या खांद्यावर असतो, त्याला वाईट बातमी सांगायचं धैर्यही दाखवावं लागतं. आयसीयूच्या बाहेर उभं राहून नातेवाइकांना खरं सांगणं हे डॉक्टरच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम आहे. राजकारणातही तेच सर्वांत अवघड आहे. माझ्या मते त्यांच्या हृदयाची बाजू शंभर नंबरी होती आणि थांबण्याच्या निर्णयाची बाजू लंगडी पडली. त्यांच्याबद्दल अपार आदर बाळगून मी हे म्हणते.

म्हणून नावाआधी ‘डॉ.’ लावलेला माणूस निवडून आला की सगळं आपोआप सुधारतं, असं समजू नका. पदवी बघून मत देऊ नका आणि पदवी बघून टीकाही करू नका. तुमचा खासदार, आमदार, नगरसेवक डॉक्टर असो, वकील असो, शेतकरी असो, त्याला या चार कसोट्या लावा. तो ऐकतो का? स्वतः जाऊन बघतो का? केलेल्या कामाचा परिणाम पुन्हा येऊन तपासतो का? आणि चुकलं तर तसं बोलतो का? महापालिकेच्या रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयात नवं यंत्र आलं, फीत कापली, फोटो आला. सहा महिन्यांनी ते यंत्र चालू आहे का, चालवायला तंत्रज्ञ आहे का, हे विचारणं म्हणजे फॉलो-अप. तो प्रश्न तुम्ही विचारायचा आहे.

इथे शास्त्र, वाणिज्य, कला, सगळ्या शाखांची मुलं आहेत. डॉक्टरांची चार कलमं मी सांगितली, कारण तो माझा धंदा आहे. प्रत्येक धंद्याची अशी एक शिस्त असते. हिशेबनीसाची शिस्त म्हणजे पै-पैचा मेळ. इंजिनिअरची शिस्त म्हणजे पूल आधी कागदावर मोडून बघायचा. शिक्षकाची शिस्त म्हणजे शेवटच्या बाकावरच्याला समजलं का, हे पाहायचं. राजकारण घाण आहे म्हणून चांगल्या माणसांनी नाक मुरडलं, तर ही शिस्त तिथे पोचणारच नाही. डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि बघता बघता सगळ्या महाराष्ट्राने ती उचलली. एक चांगली रीत पाडायची ताकद या गावात आहे. मग प्रश्न विचारण्याची रीतही इथूनच पाडू या.

पालकांना एक विनंती. मुलाने डॉक्टर व्हावं असं तुम्हाला वाटतं, फार चांगलं. पण तो किंवा ती वॉर्डातल्या कामात लक्ष घालू लागली, कुठल्या प्रश्नावर निवेदन घेऊन गेली, तर अभ्यास सोडून हे काय, असं म्हणून तिला मागे ओढू नका. आनंदीबाईंना मागे ओढणारे तेव्हाही कमी नव्हते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला तीन कामं सांगते. ज्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांनी मतदार यादीत नाव नोंदवा. त्यासाठी सहा नंबरचा फॉर्म भरायचा असतो, मोबाईलवरही भरता येतो. घरात कुणी आजी-आजोबा गिरणीत, खाणीत, कारखान्यात काम केलेले असतील, तर एकदा त्यांच्यापाशी बसा आणि त्यांची हकिकत लिहून काढा, कारण ती अजून बरीचशी लिहिलेली नाही. आणि तुमच्या वॉर्डातला एक प्रश्न, एकच, हातात घ्या. कचरा, पाणी, दवाखाना, रिक्षा स्टँड, काहीही. तो सुटेपर्यंत सोडू नका. मार्ग चुकला असं वाटलं तर मार्ग बदला आणि बरोबरच्यांना तसं सांगा.

तुमच्यातून उद्या चांगले डॉक्टर निघोत आणि चांगले लोकप्रतिनिधीही निघोत. एकाच माणसात दोन्ही आले, तर कल्याण-डोंबिवलीने अभिमान बाळगावा आणि त्याला प्रश्न विचारायलाही कचरू नये. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.